खडकसाळचा अपुरा चेंडू

खडकसाळला आलेला पाहुणा सुताचा चेंडू हातात घेतो, उलटासुलटा करून बघतो आणि हटकून एकच सांगतो, "आजी, याचा दोरा सुटलाय हो." एखादी हौशी बाई तर लगेच पिशवीतून कात्री काढते. ती कात्री आधी पिशवीत ठेवावी. दोऱ्याचं टोक मुद्दाम मोकळं ठेवलेलं असतं. खडकसाळच्या कोष्टिणींना दोरा खोचता येत नाही असं ज्याला वाटत असेल, त्यानं स्वतः एक चेंडू करून दाखवावा आणि मग बोलावं.

चेंडूच्या गाभ्याला जुनेराच्या चिंध्या असतात. हलवला की वाजावा म्हणून त्यात थोडे चिंचोके घालतात. त्यावर कच्चं सूत गुंडाळत गुंडाळत तो गोल करायचा आणि मग वरून सुईनं रेशमाची कमळं, चांदण्या, चौकडे भरायचे. हा चेंडू विकत नाहीत. लेक सासरी निघाली की आई तो तिच्या ओटीत घालते. गावामागच्या टेकाडावर गढीची एक भिंत अजून उभी आहे, तिला एक खिडकी आहे. टोक मोकळं का ठेवतात, ते त्या खिडकीमागं घडलं, असं सांगतात.

फार पूर्वी चेंडूचे नेम कडक होते म्हणे. पहिला वेढा घालताना ज्या मुलीसाठी चेंडू करायचा तिचं नाव पुटपुटायचं, एकदाच, आणि ते परत फिरवता येत नसे. दोरा ज्यानं दिला त्याचा तो सगळा चेंडूत गेला पाहिजे, उरवायचा नाही. आणि ज्या घरात पहिला वेढा घातला त्या घराचा उंबरा, शेवटचं टोक खोचून होईपर्यंत, करणारीनं ओलांडायचा नाही. अर्धा चेंडू टाकून उठली तर जिचं नाव आत घातलं तिचं आयुष्य अर्ध्यावर तुटतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. बायका आपापल्या घरीच चेंडू करत, दोरा घरचाच असे, त्यामुळं नेम कोणाला जड गेला नव्हता.

त्या काळी गावात भागू कोष्टीण होती. तिच्या हातचा चेंडू जमिनीवर सोडला तर सरळ रेषेत जाई, इतका गोल. नवरा हरबा मागावर बसे, एकुलती लेक चिमा कांड्या भरे. चिमाचं लग्न ठरलं होतं, वैशाखात धरलं होतं. भागूनं लेकीच्या चेंडूसाठी तिची तान्हेपणीची कुंची धुऊन, वाळवून बाजूला काढून ठेवली होती. दसऱ्याच्या सुमारास गढीवरून बोलावणं आलं.

गढीवर तेव्हा आईसाहेब एकट्या होत्या. पती लढाईत गेलेले, आणि विधवा झालेल्या बाईनं गढीचा उंबरा ओलांडू नये ही त्या घराण्याची रीत. कारभारी, दासी, सगळं होतं, पण बोलायला माणूस नव्हतं. त्यांनी भागूपुढं एक जुना परकर ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या लेकीसाठी, अक्कांसाठी चेंडू कर. त्या सासरी लांब आहेत. उन्हाळ्यात येतील." परकर चिमाच्या मापाचाच होता. भागूनं तो फाडला, चिंचोके घातले, वळकटी केली आणि तिथंच पहिला वेढा घेतला. डोळ्यांपुढं घरी काढून ठेवलेली कुंची होती. ओठांतून जे नाव आलं ते चिमाचं होतं.

आपण काय केलं हे तिला दुसऱ्या वेढ्याला कळलं. सांगणार कोणाला? गढीच्या परकरात, गढीच्या रेशमात कोष्टिणीच्या पोरीचं नाव घातलं, हे आईसाहेबांना कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं विचार केला, लवकर लवकर पुरा करू, टोक खोचू, देऊन टाकू, नाव पोटातच राहील. दिवाळीला घरी जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दासी तबकात रेशमाची नवी लड घेऊन आली. "आईसाहेब म्हणाल्या, हाही रंग घाल." दिलेला दोरा उरवायचा नाही. भागूनं घातला. तिसऱ्या दिवशी दुसरी लड आली. मग रोजच येऊ लागली. एकावर एक नक्षी झाकली जाऊ लागली. आज केलेली कमळं उद्याच्या चांदण्यांखाली जात. लिंबाएवढा चेंडू नारळाएवढा झाला, दिवाळी गेली. भोपळ्याएवढा झाला, संक्रांत गेली.

गढीत भागू जिथं बसे, तिथल्या बाहेरच्या दाराला कडी नव्हती. हे ऐकणाऱ्याला पटत नाही, पण दार दिवसभर सताड उघडं असे. दारात पहारा नाही, पायात बेडी नाही, ताटात दोन वेळा गरम जेवण. उंबरा चार हातांवर होता आणि भागूला तो ओलांडता येत नव्हता, कारण आत चिमाचं नाव होतं. हरबा एकदा गढीच्या दरवाजापर्यंत आला आणि कारभाऱ्याला मुजरा करून परत गेला. गरिबानं गढीला काय विचारायचं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आईसाहेब रोज येऊन समोर बसत. अक्का लहानपणी कशा रुसायच्या, कोणता पदार्थ आवडायचा, सगळं सांगत. बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळे. भागूला त्यांची दया येई आणि त्याच क्षणी संतापही येई. एकदा न राहवून ती म्हणाली, "आईसाहेब, आता पुरं करू का जी? माज्या लेकीचं लगीन जवळ आलंय."

"करशील की," आईसाहेब म्हणाल्या. "एवढी एक लड घाल, मग बघू."

दुसऱ्या दिवशी तबकात दोन लडी होत्या. चेंडू रांजणाएवढा झाला, असं सांगतात. आता तो दारातून बाहेर निघाला नसता. भागू त्याच्याभोवती फिरत फिरत दोरा घाले, कधी त्याच्याआड पार दिसेनाशी होई. तिला झोपेतही आपण गुंडाळले जातोय असं वाटे. आपल्या पोरीचं नाव इतक्या खोल गेलंय की आता तिलाही आत श्वास लागत असेल, असं वाटून ती दचकून उठे आणि चेंडूला कान लावून बसे.

वैशाख आला. लग्नाच्या दिवशी वाजंत्री खालून खिडकीपर्यंत ऐकू येत होती. हळद लागली, अक्षता पडल्या, सगळं भागूनं कानांनी पाहिलं. ओटी भरायला आपल्या जागी थोरली जाऊ उभी राहिली असेल, हे तिला दिसत होतं. हातातला दोरा मात्र थांबला नाही. थांबला आणि टोक सुटलं तर? ती रडत होती आणि दोरा घालत होती.

गावात लग्न झालं की नवरानवरी गढीच्या पाया पडायला जात. नवरा बाहेरच्या चौकात थांबला, चिमा आत आली. पिवळ्या लुगड्यात, मुंडावळ्या तशाच. तिनं आईसाहेबांना नमस्कार केला आणि सरळ आईपुढं येऊन उभी राहिली.

"आये, ऊठ. माझी ओटी भरायची राहिलीय."

भागूनं मान हलवली. "न्हाई उठता येत, बाळे."

"कोण धरतंय तुला? दार उघडं हाय."

मग भागूनं इतके महिने पोटात दाबलेलं सांगून टाकलं, आईसाहेबांच्या देखत. "ह्यात तुझं नाव घातलंय गं मी. चुकून घातलं. अर्धा टाकून उठले तर तुझं आयुष्य अर्ध्यावर तुटंल. उठू कशी?"

चिमानं त्या एवढ्या थोरल्या चेंडूकडं पाहिलं. बोलायला ती पहिल्यापासून फटकळ. "नाव माझं हाय न्हवं? मग चेंडू माझा. पुरा झाला का न्हाई, ते मी सांगनार. मला अर्धाच पायजे, आये. पुरा करून काय करायचंय? पुरं झालं म्हंजे संपलं. मी तरी कुठं पुरी झालेय? आज तर सुरू झालंय माझं!"

भागूच्या बोटांतून दोरा गळून पडला. कोणाचा श्वास तुटला नाही, आभाळ कोसळलं नाही. चिमा समोर उभी होती, कपाळाला कुंकू, डोळ्यांत पाणी, धडधाकट.

आईसाहेब पुढं आल्या. त्या आता हळूच म्हणाल्या, "बरं झालं हिचं नाव घातलंस. आमच्या अक्का पहिल्या बाळंतपणातच गेल्या. चेंडू पुरा झाला असता, तर तो कोणाला द्यायचा हे मला तुला सांगावं लागलं असतं. म्हणून रोज लड पाठवत होते." आणि उंबऱ्याकडं बोट करून, "जा. लेकीची ओटी भर."

भागूचे पाय आखडले होते. चिमानं तिला काखेत हात घालून उठवलं आणि मायलेकींनी उंबरा ओलांडला. आईसाहेब उंबऱ्यापर्यंत आल्या आणि अलीकडे थांबल्या. त्यांचं दारही सताड उघडंच होतं. भागूनं मागं वळून पाहिलं. "तुमीबी चला जी," हे शब्द तिच्या ओठांवर आले, पण कोष्टिणीनं आईसाहेबांना असं म्हणायचं कसं? तिनं ते गिळलं आणि ती खाली उतरली.

त्याच पावसाळ्यात आईसाहेब गेल्या. चेंडूला टेकून बसल्या होत्या, दोऱ्याचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळलेलं होतं म्हणतात. भागूला ते कळलं तेव्हा ती ढसाढसा रडली. मला उठवायला माझी लेक आली, आईसाहेबांना 'उठा' म्हणणारं कोणी नव्हतं, आणि मी तोंडाशी आलेलं गिळलं, एवढंच ती मरेपर्यंत बोलत राहिली. आपल्या म्हातारपणी तिनंच गावातल्या पोरींना एक शपथ घातली.

ती शपथ खडकसाळ पाळतं. चेंडूचं टोक खोचत नाहीत, ओटीत घालताना आई म्हणते, "पुरा न्हाई केला गं," आणि लेक म्हणते, "असू दे." आजही वरात टेकाडाखाली आली की वाजंत्री थांबवतात. वर नुसती भिंत आहे, खिडकीतून पलीकडचं आभाळ दिसतं, आत कोणी नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी नवरी मुंडावळ्या बाजूला सारते, खिडकीकडं तोंड करते आणि सगळ्या वऱ्हाडादेखत, घसा फोडून हाक मारते, "आईसाहेब, उठा! दार उघडं हाय!"