थांबणारी साथ

एकदा एका शिष्याला असा प्रश्न पडला, की त्याचं उत्तर ना पोथीत होतं ना शेजाऱ्यांपाशी. शेजाऱ्यांपाशी तर तीन उत्तरं होती आणि तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध. शेवटी तो उठला आणि ज्यांच्याकडे चार वर्षं पेटी शिकत होता, त्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

हा शिष्य म्हणजे कुणी कोवळा बटू नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. साठी उलटलेला, मोजणी खात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ होता तो. हयातभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे कुठलीही वस्तू मोजल्यावाचून त्याला चैन पडत नसे. आताही त्याच्या हातात एक वही होती. तिच्या पानावर मधोमध रेघ मारून त्याने डावीकडे 'जुना' आणि उजवीकडे 'नवा' असं लिहिलं होतं, आणि दोन्ही बाजू काठोकाठ भरल्या होत्या.

"गुरुजी, बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात एक कीबोर्ड आलाय," तो म्हणाला. "अरेंजर म्हणतात त्याला. डाव्या हाताने दोन-तीन पट्ट्या धरून ठेवल्या, की तबला, गिटार, बासरी, सगळा ताफा आपोआप साथ करतो. पण आहे पंधरा वर्षांचा जुना. शेजारीच नवा कोराही ठेवलाय. घरात वाजवायला तो जुना घेण्यात अर्थ आहे का, तेवढं सांगा."

गुरुजींनी ऐंशी ओलांडली होती, पण नवी वस्तू दिसली की त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत. "आपोआप साथ करतो?" ते पुढे सरकून बसले. "बघायलाच पाहिजे. पण मला सांग, घरी वाजवणार कोण?"

"मीच."

"आणि गाणार?"

इथे शिष्य जरा अडखळला. "शैलजा," तो हळूच म्हणाला.

शैलजा त्याची पत्नी. लग्न होऊन घरात आली ती गाणं घेऊनच आली. भजनी मंडळात तिचा आवाज पहिला लागायचा, आणि संध्याकाळी दिवा लावून झाला की घरात एखादं भावगीत हमखास व्हायचं. मागच्या वर्षी मात्र तिला न्यूमोनिया झाला. जीव वाचला, पण फुप्फुसं कमजोर झाली. काळी चारच्या उंच पट्टीत गाणारी बाई काळी दोनवर उतरली, आणि दमाचं तर विचारूच नका, एक ओळ गाताना दोनदा थांबावं लागे. एके दिवशी ती मंडळातून लवकर परतली, गाण्याची वही कपाटात ठेवली आणि म्हणाली, "आता पुरे झालं." त्याला पाच महिने झाले होते. शिष्याला वाटत होतं, घरात सगळी वाद्यं एकदम वाजू लागली तर तिला हुरूप येईल. शिवाय त्याला स्वतःला एकाच पट्टीत वाजवता येई, आणि कीबोर्डवर एक बटण दाबलं की पट्टी खालीवर करता येते, असं त्याने वहीत दोन्ही बाजूंना लिहिलं होतं.

सगळं ऐकून झाल्यावर "चल," म्हणून गुरुजींनी काठी उचलली.

दुकान एका तीन मजली इमारतीच्या तळाशी होतं. व्यापारी बोलका आणि खरं तर भला माणूस होता. जुनी वस्तू गळ्यात मारण्याची त्याची मुळीच इच्छा नव्हती. "काका, जुना नका घेऊ," तो शिष्याला म्हणाला. "त्याचा फ्लॉपीचा खण बंद आहे. पडदा अंधुक झालाय. उद्या काही बिघडलं तर पार्ट मिळायचे नाहीत. आणि नव्यात बघा, ताल किती! अख्खा दिवस वाजवत बसलात तरी संपायचे नाहीत."

शिष्याने ते सारं वहीत लिहून घेतलं. गुरुजी मात्र दुकानाबाहेरच्या जिन्याकडे पाहत होते.

"हा जिना कुठे जातो?"

"गच्चीवर," व्यापारी म्हणाला.

गुरुजी शिष्याकडे वळले. "गच्चीला हात लावून ये. झेपेल तेवढ्या झपाट्याने. आणि खाली आलास की न टेकता पुन्हा एकदा जा."

शिष्याने वही पुढे केली. "गुरुजी, आपण कीबोर्ड घ्यायला आलोय."

"माझं वय झालंय, विसर पडलेला नाही. जा."

साठीतला माणूस भर बाजारात जिने चढू-उतरू लागला तर लोक काय म्हणतील, हा विचार त्याच्या मनात आला, पण गुरूची आज्ञा मोडण्याची हिंमत झाली नाही. पहिल्या खेपेला दुसऱ्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडून विचारलं, "काय हो, पाणी आलं नाही का?" तो नुसतीच मान हलवून वर गेला. दुसऱ्या खेपेनंतर खाली आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि छातीत भाता फुटतोय की काय असं वाटत होतं. गुरूंचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी शंकाही त्याला चाटून गेली, हे लपवण्यात अर्थ नाही.

"बसू नकोस," गुरुजी म्हणाले. "आता गा. शैलजाचं ते आवडतं भावगीत. आणि शेठ, तुम्ही तुमच्या त्या नव्यावर साथ धरा. रोज गिऱ्हाइकांना ऐकवता तशीच."

व्यापाऱ्याला वाजवायची हौस होतीच. त्याने ताल सुरू केला. तबला खणखणीत होता, मागून व्हायोलिनं उठली, दुकान भरून गेलं. शिष्याने पहिली ओळ कशीबशी उचलली. अर्ध्यावर श्वास संपला. त्याने तोंड मिटून हवा घेतली, आणि तेवढ्यात सम येऊन निघून गेली. तो धावत पुढचा शब्द गाठायला गेला, तर व्हायोलिनं त्याच्याही पुढे. दुसऱ्या ओळीला तो नुसते शब्द बोलत होता. तिसऱ्या ओळीला तेही राहिले. त्याच्याशिवायच गाणं कडव्यापर्यंत गेलं, आणि व्यापाऱ्याने एक बटण दाबताच मोठ्या थाटात संपलंसुद्धा. तबल्याची तिहाई अगदी नेमकी पडली.

"कसं वाटलं?" गुरुजींनी विचारलं.

"मेल्याहून मेल्यासारखं," शिष्य धापा टाकत म्हणाला. "मला सोडून सगळे गेले."

बोलला मात्र, आणि त्याचे शब्द त्यालाच लागले. त्याला मागच्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आठवली. शैलजाने बऱ्याच दिवसांनी गायला घेतलं होतं. त्याने फोनवर तबला लावला होता आणि वर मांडीवर टाळी धरली होती. ती तीनदा मागे पडली आणि तिन्ही वेळा त्याने काळजीपोटी, अगदी प्रेमाने, सांगितलं होतं, "ताल सोडू नकोस, शैला. पुन्हा घे." चौथ्यांदा तिने घेतलंच नव्हतं. मंडळात कुणी काही बोललं असेल, असं धरून तो इतके दिवस भजनी मंडळाला उगाच दोष देत होता. वही कपाटात जायला त्याची टाळीही तेवढीच कारण होती. भर दुकानात त्याला रडू आवरेना.

गुरुजींनी ते पाहिलं. ते उठून जुन्या कीबोर्डपाशी जाऊन बसले. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या त्यांनी एकेक करून दाबल्या, हळू आणि जोरात. सगळ्या वाजल्या. वरच्या टोकाची एक तेवढी टक् टक् करत होती. "तिथवर काही तू जायचा नाहीस," ते शिष्याला म्हणाले. मग आवाज वाढवून कान लावला. स्पीकर खरखरत नव्हता. पट्टी बदलण्याचं बटण दाबून काळी दोन लावली, ती लागली. आणि मग त्यांचं बोट एका लहानशा बटणावर थबकलं. त्यावरची अक्षरं तशीच ताजी होती.

"हे काय करतं?"

"कोण जाणे," व्यापारी म्हणाला. "ते कुणी दाबतच नाही."

"मग दाबूनच पाहू," म्हणत गुरुजींनी ते दाबलं. डाव्या हाताने तीन पट्ट्या धरल्या, तबला सुरू झाला. हात उचलला, तबला गप्प. पुन्हा धरल्या, तबला पुन्हा समेपासून सुरू. गुरुजी खुदकन हसले. चार-पाच वेळा त्यांनी नुसता तोच खेळ केला. व्यापारीसुद्धा काउंटरमागून बाहेर येऊन पाहू लागला.

"हं, गा आता," गुरुजी म्हणाले.

शिष्याचा दम अजून पुरता बसला नव्हता. तो अर्धी ओळ गायला आणि अडला. गुरुजींचा हात वर उचलला गेला. तबला, गिटार, सगळे थांबले. दुकानात फक्त त्याच्या श्वासाचा आवाज होता. त्याने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि शब्दाबरोबरच गुरुजींचा हात खाली आला. असं करत करत गाणं सावकाश शेवटाला गेलं. ते सुंदर झालं असं कुणी म्हणणार नाही, पण ते त्याचं झालं.

"म्हणजे जुनाच चांगला!" शिष्याने वही उघडली.

"पुन्हा मोजायला लागलास?" गुरुजी म्हणाले. "शेठ, हे बटण त्या नव्यात नाही का हो?"

व्यापाऱ्याने शोधलं. पडद्यावर बरंच आत गेल्यावर तेही सापडलं.

"बघ. म्हणजे थांबण्याची सोय दोघांतही आहे, पण आपणहून कुणीच थांबत नाही. मघाशी नव्याने तुला मागे टाकलं नाही. तुझ्याकडे न पाहता वाजवणाऱ्या हाताने टाकलं. शेठचा त्यात दोष नाही, त्यांना वाद्य दाखवायचं होतं. तुला माणूस गाता करायचा आहे. उद्या चारचौघांत कार्यक्रम करायला निघालास तर खुशाल नवा घे, तिथे हजार ताल लागतील. घरात एक बाई आहे आणि तिचा अर्ध्या ओळीचा दम आहे. तेवढ्यासाठी पट्ट्या वाजायला हव्यात, आवाज शुद्ध हवा आणि पट्टी उतरवता यायला हवी. ते सगळं या जुन्यात आहे. फ्लॉपी नाही, तर तू फ्लॉपीत काय ठेवणार होतास? पार्ट मिळणार नाहीत हे शेठ खरं बोलले. चार-पाच वर्षांनी कदाचित तो बंद पडेल. तोवर तुमची किती गाणी होतील, त्याचा विचार कर. पेटी वाजवताना तुझ्या डाव्या हाताकडे भाता होता. आता त्या हाताला एकच काम दे. तिचा श्वास संपला की वर उचलायचा."

शिष्याने वही मिटली आणि जुना कीबोर्ड घेतला. व्यापाऱ्याने तो स्वतः पुसून, जुन्या चादरीत बांधून रिक्षात ठेवला.

पुढचे आठ दिवस कीबोर्ड गुरुजींकडेच राहिला आणि शिष्य तिथे जाऊन डाव्या हाताचं ते एवढंच शिकला. नवव्या दिवशी संध्याकाळी त्याने कीबोर्ड घरी आणून मांडला, काळी दोन लावली आणि शैलजाला काही न म्हणता तिच्या गाण्याची सुरावट वाजवत बसला. ती स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा पदराला हात पुसत येऊन खुर्चीत बसली. बऱ्याच वेळाने तिने पहिली अर्धी ओळ उचलली, आणि सवयीप्रमाणे तिथेच तिचा दम संपला.

त्याने हात वर उचलला. घर एकदम शांत झालं.

"बंद पडलं ना?" शैलजा वैतागून म्हणाली. "तरी म्हणत होते, जुनं घेऊ नका म्हणून."

"बंद नाही पडलं," तो म्हणाला. "तुझं होऊ दे."

ती काही क्षण त्याच्या अधांतरी हाताकडे पाहत राहिली. तिने पुरता श्वास घेतला, मग आणखी एक घेतला, कसलीही घाई न करता. आणि तिने उरलेली अर्धी ओळ गायली.