याला चवच नाही

पूर्वी समुद्रकाठच्या केतकपट्टण नगरात उग्रधन्वा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व विहिरी खणणाऱ्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव पूर्णक. त्या मुलखात ऊन रगड आणि पाऊस नावापुरता. वाळूच्या टेकड्यांखाली मुरलेले गोडे पाणी दुधावरच्या सायीसारखे खाऱ्या पाण्यावर तरंगत असे. म्हणून खणणारा वीत-वीत उतरे, ओली वाळू जिभेवर ठेवून पाही आणि वेळ येताच ‘पुरे’ म्हणून वर येई. त्या शब्दानंतर राजाची आज्ञासुद्धा विहिरीत उतरत नसे.

राणी कुमुदिनी मात्र डोंगराळ देशाची. तिच्या माहेरी अंगणासमोरच कमळांचे तळे होते. इथल्या रखरखाटात तिला त्या तळ्याची इतकी आठवण येई की तिची अन्नावरची वासना उडाली. राजाचा तिच्यावर भारी जीव. त्याने पूर्णकाला बोलावले.

“राणीसाठी तळं हवं. मागशील ते देईन.”

“महाराज, दुसरं काहीही सांगा,” पूर्णक म्हणाला. “खाली खारं पाणी टपून बसलंय. आम्ही थांबतो, म्हणून नगर पाणी पितं.”

राणीला हसू आले. “आमच्याकडे जितकं खोल जावं, तितकं पाणी गोड. हा खणणारा अंगचोर दिसतो.”

मग तिच्या माहेरचे खणणारे आले. बिचारे कामात वाकबगार होते. पण डोंगरातले कसब त्यांनी वाळूत वापरले आणि ते खोल खणत गेले. तळे तुडुंब भरले, कमळे फुलली, राणी दोन महिने पोटभर जेवली. त्यानंतर कमळांची पाने कडेने काळी पडू लागली. नगरातल्या एकूण एक विहिरी खारट झाल्या. केवड्याची बने वाळली, टेकड्यांची वाळू घरांत शिरली आणि अर्धेअधिक लोक चंबूगबाळे आवरून निघाले. उरले ते दोन कोसांवरच्या झऱ्याचे मचूळ पाणी पिऊ लागले.

राणीच्या पित्याने गाव इनाम देऊ करून पूर्णकाला बोलावले. तो गेला नाही. टोपलीटोपलीने वाळू टाकून तो तळे बुजवीत होता, तेव्हा राणी पायी चालत त्याच्यापाशी आली.

“गोडं पाणी परत येईल का रे?”

“येईल, देवी. उपसा थांबवला, टेकड्यांवर पुन्हा केवडा धरला, तर दर पावसाला बोटभर साचेल. तीस पावसाळे तरी लागतील.”

“तुला प्यायला मिळेल?”

“नाही मिळणार,” तो हसून म्हणाला. “पण तहान काय माझ्या एकट्याचीच आहे?”

राणीचे तोंड एवढेसे झाले. तिने पदर खोचला आणि पुढची टोपली स्वतः उचलून उरल्यासुरल्या कमळांवर ओतली. राजा माहेरी पाठवायला तयार होता, तरी ती गेली नाही. पुढे तिला कमळे फारशी आठवलीच नाहीत. लग्न होऊन आली त्या दिवशी नाक मुरडून प्यालेले इथले पाणी तेवढे आठवे, आणि त्या घोटासाठी तिचा जीव तुटे.

पूर्णक एकविसाव्या पावसाळ्यात वारला. खारट वर्षांतच जन्मलेली त्याची मुलगी केतका खणणारी झाली. बत्तिसावा पावसाळा सरल्यावर ती करवंटीभर पाणी घेऊन म्हाताऱ्या राणीकडे आली. तिचा चेहरा पडलेला होता.

“राणीआई, सगळी वर्षं फुकट गेली. हे पाणी बिघडलंय. याला चवच नाही.”

राणीने एक घोट घेतला आणि ती ढसाढसा रडू लागली.

“अगं पोरी, हेच ते!” उरलेले पाणी तिने केतकाच्या हाती दिले. “पी. हा तुझ्या बापाच्या वाटचा घोट.”

विहारात जमलेल्यांना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे काल विहारातली विहीर उपसायला निघालेला हा भिक्षू. माहेरच्या आठवणीने व्याकूळ झालेली ही भिक्षुणी म्हणजे राणी कुमुदिनी. केतका ही आज आपल्याला पाणी वाढणारी उपासिका. आणि पूर्णक मीच होतो. आपल्या ओठांना न लागणाऱ्या पाण्यासाठी शांतपणे वाळू वाहणे, यालाच क्षांती म्हणतात.”