जिथे दोरी थांबली

एकदा एका वाढत्या शहराला वाटले, की शेजारच्या शहरात मेट्रो आली, मग आपल्याकडे का नको? असे वाटल्याबरोबर चौकाचौकांत फलक लागले, फलकांवर नेते झळकले आणि एकही खांब उभा राहण्याआधी श्रेय कोणाचे यावरून पालिकेच्या सभागृहात हमरीतुमरी झाली. मेट्रो जाणार कुठून, एवढेच काय ते ठरायचे राहिले होते.

हे काम ज्या तरुण अधिकाऱ्याच्या गळ्यात पडले, तो सरळ मनाचा होता. प्रवाशांची पाहणी करून त्याने मार्ग आखला होता तो बाजारपेठेच्या हमरस्त्यावरून, कारण गर्दी तिथेच होती. पण सुनावणी घ्यावी तर प्रत्येकाचे म्हणणे एकच. स्टेशन घराजवळ हवे, खांब मात्र घरासमोर नको! तिकडे मंत्र्यांचा निरोप आला होता, की आचारसंहिता लागण्याआधी भूमिपूजन झाले पाहिजे, नाहीतर अधिकारी बदलावा लागेल. बिचाऱ्याची झोप उडाली. शेवटी तो आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे गेला. नगररचना शिकवण्यात त्या वृद्ध गृहस्थांची हयात गेली होती. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "पुढच्या सुनावणीला सभागृहातल्या खुर्च्या काढून टाक. आणि एक लांब दोरी आण. मीही येतो."

ठरलेल्या दिवशी त्यांनी शिष्याकडून जमिनीवर खडूने शहराचा नकाशा काढून घेतला, मोहल्ल्यांची नावे लिहून घेतली आणि ज्याने त्याने आपापल्या भागात बसावे असे सांगितले. मग हमरस्त्यावर दोरी अंथरली. "ही तुमची मेट्रो. ज्याला नको असेल त्याने सरकवावी. भाषण मात्र करायचे नाही."

लोकांना गंमत वाटली. बाजारपेठेत बसलेल्या सराफाने पहिल्यांदा पायानेच दोरी ढकलली. ती बंगल्यांच्या कॉलनीत गेली. तिथल्या निवृत्त न्यायाधीशांनी ती दोन बोटांनी उचलून शाळेकडे टाकली. शाळेच्या संचालकांनी ती देवस्थानाकडे सारली, विश्वस्तांनी हात जोडून पलीकडे. बराच वेळ हा खेळ चालला. अखेर दोरी एका जागी गेली आणि तिथेच राहिली. कोणीही हात लावेना.

"सर, एकमत झालं!" शिष्याला आनंद आवरेना. मंत्र्यांना फोटो पाठवावा म्हणून त्याने मोबाईल काढला.

तेवढ्यात वृद्ध प्राध्यापक गुडघ्यावर हात ठेवत उठले, नकाशा तुडवत गेले आणि जिथे दोरी होती तिथेच मांडी घालून बसले. दोरी त्यांनी ओढून आपल्या मांडीवर घेतली. सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"सर, तिथे कशाला बसलात? ती जागा रिकामी आहे," सराफ म्हणाला.

"रिकामी कशी? इथे काय लिहिलंय ते वाच रे," प्राध्यापक शिष्याला म्हणाले.

शिष्याने वाकून पाहिले. अक्षर त्याचेच होते. "नाल्याकाठची वस्ती," त्याने वाचले. "नोटीस लावली होती, सर. पालिकेच्या फलकावर. तिथलं कोणी आलंच नाही."

"काय करतात ही माणसं?"

शिष्याला ते ठाऊक नव्हते. सराफाला होते. "फुलांचे हार करतात," तो जरा हळूच म्हणाला. "माझ्या दुकानातल्या तसबिरीला रोज तिथलाच हार असतो. या वेळी सगळी देवळापुढे बसलेली असतात."

"ऐकलंस?" प्राध्यापक म्हणाले. "तुला वाटलं, दोरीला योग्य जागा सापडली. अरे, दोरीला जागा कळत नाही. जिथे ढकलणारा हात नव्हता, तिथे ती थांबली. त्याला तू एकमत म्हणालास आणि उद्या त्याच्यावर सही करून शंभर घरं उठवली असतीस, तीही चांगल्या मनाने. रूळ कसे टाकायचे ते पुस्तकात असतं. ते कुणाच्या दारातून न्यायचे, हे मात्र खोलीत कोण बसलंय त्यावर ठरतं. म्हणून आधी खोली बघावी, मग नकाशा."

शिष्याने मोबाईल खिशात ठेवला. त्याला मनापासून लाज वाटली. पुढची सुनावणी त्याने संध्याकाळी, फुलांचा बाजार उठल्यावर ठेवली आणि निरोप द्यायला स्वतः वस्तीत गेला.

त्या संध्याकाळी वस्तीच्या जागेवर मथुराबाई नावाची हारवाली येऊन बसली. दोरी समोर आली तशी तिने ती ताबडतोब दूर लोटली. "आमालाबी गाडी पायजे, सायेब. टोपल्या बघून रिक्षावाले थांबत न्हाईत. पर आमच्या घरावरनं नगं."

"म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच!" न्यायाधीश म्हणाले, आणि सगळे हसले. मथुराबाईही हसली.

सराफ मात्र हसला नाही. "बाई, रस्ता खोदला की दोन वर्षं माझा धंदा बुडणार. त्याचं काय?"

"बुडंल की," ती म्हणाली. "पर दोन वर्सांनी तुमचं दुकान तितंच असंल. आमचं घर कुटं असंल?"

सराफ उठला, दोरी हाताने उचलली आणि आपल्या दुकानासमोर हमरस्त्यावर नेऊन ठेवली. "पण खांब दारात नको," तो पुटपुटला, "दोन दुकानं पुढे घ्या." ते मात्र लगेच मान्य झाले.

या सगळ्यात आचारसंहिता लागली. भूमिपूजन हुकले आणि ठरल्याप्रमाणे शिष्याची बदली झाली. मेट्रो यथावकाश हमरस्त्यावरूनच गेली, उद्घाटनाला त्याला कोणी बोलावले नाही. पण कार्यालय सोडताना त्याने नव्या अधिकाऱ्याच्या हाती कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ती दोरीही दिली होती. "हिचं काय करायचं?" नव्याने विचारले. शिष्य म्हणाला, "ती जिथे निमूट पडून राहील, तिथे जाऊन आधी बस."