पूरघंटेचा भाव

नद्यांना बांध घालायचे माणसाला सुचलेही नव्हते, त्या फार जुन्या काळी नदीकाठच्या एका गावात एक तांबट राहत होता. त्याने पूरघंटा घडवली. तिचा पोकळ गोळा पाण्यात सोडायचा. पाणी चढले की गोळा वर यायचा आणि दोरीने बांधलेली घरातली घंटा घणघणायची.

पहिल्या बाजारी त्याने घंटेला दोन पायली ज्वारी घेतली. दुपारच्या आत सगळ्या घंटा संपल्या. तांबटाला वाटले, लोक आणखी किती देतील, बघू तरी! पुढच्या बाजारी त्याने भाव तीन पायली केला आणि शेजारी मडके ठेवले. भाव ऐकून जो परत जाईल, त्याच्या नावाचा एक खडा मडक्यात. माणूस हुशार खरा, पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे मात्र राहून गेले.

त्या दिवशी नदीला लागून राहणारी एक म्हातारी बुरडीण दोन पायली घेऊन आली.

"माझा म्हातारा अंथरुणाला खिळलाय, बाबा. पाणी येतंय हे आधी कळलं, तर त्याला पाठीवर घालून टेकडीवर नेईन."

"भाव तीन पायली, आजी."

ती गेली. खडा पडला.

पुढच्या बाजारी ती तीन पायली घेऊन आली, तर भाव चार. मग तिने शेळी विकली आणि चार पायली आणल्या, तर भाव पाच.

"भाव कुठं थांबणार ते तरी सांग, लेकरा. तिथवर मी येते."

तांबटाला तरी कुठे ठाऊक होते? त्याने तिसरा खडा टाकला.

एवढा भाव चढवूनही तीनच गिऱ्हाइके परत गेली, म्हणून तो खूश होता. आता भाव उतरवला तर ती तिघे येतात का, हे त्याला पाहायचे होते. पुढच्या बाजारी त्याने पुन्हा दोन पायली भाव लावला.

बुरडीण आली. या वेळी तिच्याजवळ ज्वारी नव्हती, विकायच्या टोपल्या होत्या.

"आजी, आज दोनच पायली!" तांबट हौसेने म्हणाला.

"आता कुणासाठी, बाबा? परवा पाणी आलं. उंबऱ्याच्या आत आल्यावर कळलं. तेवढ्यात त्याला उचलवलं नाही."

तांबटाने पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिले, मग मडक्याकडे. तिन्ही खडे हिचेच होते. त्याने एक घंटा तिच्यापुढे धरली. "अशीच घ्या, आजी."

तिने घंटा हातात घेतली, एकदा वाजवून पाहिली आणि खाली ठेवली.

"आवाज चांगलाय," ती म्हणाली, आणि टोपल्या उचलून निघून गेली.

तात्पर्य : जो दुसऱ्याची गरज ताणून पाहतो, त्याला ती कुठवर ताणायची होती हे ती तुटल्यावरच कळते.