वाया गेलेली अर्धी घटका

एकदा एका नदीकाठच्या नगरात एक वृद्ध आचार्य राहत असत. कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी नगरसभा त्यांचा सल्ला घेई आणि मग तो न पाळण्याची कारणे शोधत बसे. आचार्यांना त्याचे काही वाटत नसे. त्यांच्याजवळ एक तरुण शिष्य होता. हिशेबाला पक्का, अक्षर मोत्यासारखे, आणि आपल्या हुशारीची त्याला स्वतःला चांगलीच कल्पना होती. नगरसभेच्या लेखकाची जागा नुकतीच रिकामी झाली होती. ती आपल्याला मिळावी, ही एकच इच्छा त्या वर्षी त्याच्या मनात घर करून होती.

नदीवर पूल नव्हता. पलीकडच्या तीरावर शेते आणि चार वाड्या होत्या. वैद्य, बाजार आणि न्यायसभा अलीकडे, नगरात. ये-जा करण्यासाठी घाटावर दोन नावा, एक लहान होडी आणि आठ नावाडी होते. पार जाणाऱ्याला काही द्यावे लागत नसे. सुगी झाली की घरटी एक पायली धान्य नावाड्यांचे बलुते म्हणून जाई. रोज नदी ओलांडणारा ते देई, आणि दहा वर्षांत घाटाकडे न फिरकलेली म्हातारीही देई. कोणी कुरकुर केली तरी धान्य पोहोचत असे.

एके दिवशी एक व्यापारी नगरसभेपुढे उभा राहिला. बोलणे गोड, कागद व्यवस्थित. तो म्हणाला, "घाटावर केव्हाही जा. चार नावाडी नाव चालवतात आणि चार जण काठावरच्या करंजाच्या झाडाखाली बसलेले असतात. बसण्याचं बलुतं कशाला? घाट मला मक्त्यानं द्या. मी तीन माणसांत चालवून दाखवतो. तुमचं धान्य निम्मं वाचेल. जो पार जाईल तो थोडे पैसे देईल. ज्याला नदी ओलांडायचीच नाही, त्यानं तेवढंच का भरायचं?"

विलायतेतल्या आगगाड्यांपासून आपल्या नगरपालिकेच्या कचरागाडीपर्यंत हा युक्तिवाद थोड्याफार फरकाने असाच मांडला जातो. तो सर्वस्वी खोटा असतो असेही नाही. चार जण खरोखरच बसलेले असत.

सभेने आचार्यांना विचारले. आचार्य म्हणाले, "माझा शिष्य आठ दिवस घाटावर बसेल. जे दिसेल ते लिहील. तो कागद ऐका आणि मग ठरवा." सभाप्रमुखांनी मान डोलावली आणि जाता जाता शिष्याला सांगितले, "कागद नीट झाला तर लेखकाच्या जागेचंही तेव्हाच बघू." त्या रात्री शिष्याला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवसापासून तो करंजाखाली जाऊन बसू लागला. नदीच्या पाण्यावरून येणारी तिरीप कागदावर पडून डोळ्यांना त्रास होई, म्हणून त्याने नदीकडे पाठ केली आणि नावाड्यांकडे तोंड. कागदावर दोन रकाने आखले. एकात नाव चालवण्याचा वेळ, दुसऱ्यात वाया गेलेला वेळ. कोणी चिलीम ओढली, कोणी जाळे विणले, कोणी डोळे मिटून पडला, सगळे घटका-पळांसकट नोंदले गेले.

चौथ्या दिवशी पलीकडचे उतारू मोजावेत म्हणून तो पैलतीरी गेला आणि तिथे लिहिण्यात इतका गढून गेला की परतीची नाव सुटल्याचे त्याला कळलेच नाही. नाव अर्ध्या नदीत पोहोचली असताना वल्ह्यावर बसलेल्या खंडू नावाड्याने मागे वळून पाहिले.

"अहो लिवणारे दादा, राह्यलात की तिथंच," असे म्हणून त्याने नाव माघारी फिरवली. नावेतल्या कोणीही तक्रार केली नाही. शिष्य ओशाळून नावेत चढला. पण तत्त्वाला जागून त्याने ती अर्धी घटकाही दुसऱ्या रकान्यात लिहिली. स्वतःच्या बाबतीत सूट घेणारा तो माणूस नव्हता.

आठव्या दिवशी त्याने आचार्यांना कागद वाचून दाखवला. निम्म्याहून अधिक वेळ दुसऱ्या रकान्यात गेला होता. आचार्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही," ते म्हणाले. "सभा उद्या दुपारी आहे ना? सकाळी आपण पलीकडे जाऊन येऊ. वाडीत माझे एक जुने स्नेही आजारी आहेत."

शिष्याच्या ते जिवावर आले. "आचार्य, सभेला उशीर झाला तर?"

"नाव आहे की," आचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घाटाचा कारभार व्यापाऱ्याकडे होता. आपली पद्धत दाखवण्यासाठी त्याने सभेकडून तो एक दिवस मागून घेतला होता. आठांतले तीन नावाडी त्याने निवडले, त्यांत खंडू एक. प्रत्येक फेरीमागे ठरावीक पैसे, आणि फेरी वेळेवर सुटली-पोहोचली नाही तर तिचे पैसे कापले जाणार. एकच नाव, प्रहराला एक फेरी. बाकीच्या पाचांना त्या दिवशी काम नव्हते.

आजारी स्नेह्यांना भेटून दोघे परतले तेव्हा नाव काठाला उभी होती. तीसेक पावले उरली असतील. तेवढ्यात आचार्य एका दगडावर टेकले. त्यांनी पायातली वहाण काढली, झटकली, तिचा तळ न्याहाळला, पुन्हा पायात घातली. मग दुसरी काढली.

"आचार्य, नाव सुटतेय," शिष्य म्हणाला.

"थांबेल की."

"गुरुजी, सभा..."

आचार्य वहाणेतला नसलेला खडा शोधत राहिले. शिष्याला राहवले नाही. तो हात हलवत, हाका मारत धावला आणि गुडघाभर पाण्यात शिरला. नाव फार तर दहा हात दूर होती. खंडूने त्याला पाहिले. मग मान खाली घालून वल्हे मारले.

पुढची फेरी एका प्रहरानंतर. म्हणजे सभा हुकली आणि लेखकाची जागाही गेली. शिष्य ओल्या धोतराने परत आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गुरूंचा राग आला होता आणि तो लपवण्याची त्याला गरज वाटली नाही.

"तुम्ही मुद्दाम उशीर केलात," तो म्हणाला. "आणि हा खंडू! त्या दिवशी हाच माणूस माझ्यासाठी अर्ध्या नदीतून परत आला होता."

आचार्य उत्तर देणार एवढ्यात मागून बैलगाडी आली. गाडी हाकणारा वाडीतला विणकर होता. गाडीत घोंगडीवर त्याची बायको पडली होती आणि तिचा आवाज कण्हण्यापलीकडे गेला होता. कालपासून बाई अडली होती. सुईणीने हात टेकले होते आणि वैद्याकडे न्या असे सांगितले होते.

"नाव कवा हाय?" विणकराने विचारले.

शिष्याला ते सांगवेना. "एका प्रहरानं," तो शेवटी म्हणाला.

 विणकर नुसता नदीकडे बघत राहिला. आचार्य दगडावरून उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हे मी योजलं नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले, आणि आपला गुरू घाबरलेला शिष्याने प्रथमच पाहिला.

मग विणकराने डोक्याचे पागोटे सोडले, पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि ते डोक्यावरून हलवू लागला.

"आज काही उपयोग नाही," शिष्य म्हणाला. "बाकीच्या नावाड्यांना आज काम नाही."

पण त्याचे वाक्य पुरे होते न होते तोच नगराच्या काठावरच्या करंजाखालून कोणीतरी उठले आणि लहान होडी पाण्यात पडली. नावाड्यांतला सर्वांत वयस्क, म्हाळू, एकटाच वल्हवत येत होता. काठाला लागताच त्याने काही न विचारता बाईला उचलून होडीत घ्यायला हात लावला. गाडी तिथेच राहिली. चौघे होडीत बसले, पाचवा वल्ह्यावर. होडी काठोकाठ भरली.

नदीच्या मध्यावर शिष्याने विचारले, "तुला कसं दिसलं?"

"बसलो व्हतो की."

"बसला होतास तर दिसलं कसं?"

म्हाळूला प्रश्नच कळला नाही. त्याने दोन वल्ही मारली आणि मग म्हणाला, "बसायचं ते त्याच्यासाठीच, दादा. दोघांनी पल्याडचा काठ बघायचा. एकानं वरच्या अंगाचं पानी बघायचं, लोंढा येतो का म्हनून. अन् एकानं निजायचं, कारन रातची पाळी त्याची. पागोटं हाललं की निघायचं. माझ्या बापापास्नं असंच हाय."

"आठ दिवसांत हे मला कोणीच सांगितलं नाही."

"तुम्ही इचारलं न्हाई. आमाला वाटलं, एवढं लिवताय तर दिसत असंल."

घाटावर पोहोचताच विणकराने बायकोला दोन्ही हातांवर उचलले आणि म्हाळू वाट दाखवत पुढे धावला. (संध्याकाळी मुलगी झाली. दोघी वाचल्या. वाचकांच्या जिवाला घोर नको म्हणून आधीच सांगून टाकतो.)

गुरू-शिष्य पायऱ्यांवर उभे राहिले. शिष्याचा राग ओसरला होता. हुशार माणसांच्या सवयीप्रमाणे त्याने लगेच तात्पर्यही काढले. "कळलं, आचार्य. माणूस चांगला हवा. म्हाळूसारखी माणसं असली म्हणजे बलुतं असो की मक्ता, काम होणारच."

आचार्यांनी मान हलवली. "चुकीचं कळलं. खंडू वाईट माणूस आहे का? त्या दिवशी त्याचं पोट भरलेलं होतं, म्हणून त्याला मागं वळून पाहणं परवडलं. आज प्रत्येक वळून पाहण्याचे पैसे त्याच्याच घासातून कापले जाणार होते. माणूस तोच होता, त्याचा दयाळूपणा आपण महाग करून ठेवला. आणि म्हाळू आज आला, तो तुझ्या-माझ्या बलुत्यावर इतकी वर्षं जगल्यामुळे जी सवय लागली, त्या सवयीनं आला. ती सवय वर्षभर फुकट वापरता येईल. मग तो म्हातारा होईल, आणि उपाशीपोटी नदीकडे बघत बसायला त्याच्या जागी कोणी येणार नाही. व्यापारी लबाड नाही. त्यानं तुझ्या कागदावर असलेली प्रत्येक गोष्ट दिली असती. फेरी मोजता येते, म्हणून ती विकत घेता येते. पलीकडे कोणीतरी एकटा उभा असेल, या काळजीला तुझ्या कागदात रकाना नव्हता. मी वहाण झटकत बसलो, कारण तुला पलीकडच्या काठावर थोडा वेळ उभं करायचं होतं. अलीकडून सगळं ठीकच दिसतं."

शिष्याचा हात कमरेकडे गेला. कागद त्याच्या कमरेला होता आणि पाण्यात शिरूनही तो कोरडा राहिला होता.

सभेला दोघे उशिरा पोहोचले. व्यापारी आधीच येऊन बसला होता आणि सर्व फेऱ्या वेळेवर सुटल्याचे त्याने सांगून झाले होते. ते खरेच होते. सभाप्रमुखांनी थोड्या नाराजीनेच शिष्याला वाचायला सांगितले. शिष्याला वाटले, कागद फाडावा, किंवा म्हाळूचे गुणगान करावे. त्याने दोन्ही केले नाही. त्याने कागद पहिल्या ओळीपासून वाचला, जसा लिहिला होता तसा. सभासद माना डोलावू लागले, व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागले.

"चौथा दिवस," शिष्याने वाचले. "नाव अर्ध्या नदीतून माघारी फिरवली. काठावर विसरलेल्या एका उतारूसाठी. वाया गेलेला वेळ, अर्धी घटका."

"बघा," व्यापारी म्हणाला. "नावेत वीस माणसं असतील. एका बेसावध माणसासाठी वीसजणांचा खोळंबा."

"खोळंबा झालाच," शिष्य म्हणाला.

"कोण होता तो?" सभाप्रमुखांनी सहज विचारले.

"मी."

सभेत कोणीतरी हसले. शिष्य पुढे म्हणाला, "आज मी पुन्हा त्याच काठावर राहिलो. नाव वेळेवर सुटली. तेव्हा मला कळलं की दुसऱ्या रकान्याचं नाव मी चुकीचं लिहिलं. आठ दिवस बसून मला नावाड्यांचं काम दिसलं नाही, म्हणून हा कागद विश्वासाचा नाही आणि मीही लेखकाच्या जागेला अजून लायक नाही." मग त्याने विणकराची हकिगत सांगितली, फार न रंगवता.

व्यापारी म्हणाला, "एका प्रसंगावर नगर चालत नाही." काही सभासदांना तेही पटले. निर्णय त्या दिवशी झालाच नाही. पण मत देण्याआधी प्रत्येक सभासदाने एकेक दिवस एकट्याने पैलतीरी जाऊन उभे राहायचे, असे सभाप्रमुखांनी ठरवून टाकले, आणि तोवर घाट पूर्वीसारखा चालू ठेवला. मक्त्याच्या कागदावर पुढे शिक्का उमटला नाही. लेखकाची जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचे अक्षर शिष्याइतके चांगले नव्हते.

सभेहून परतताना शिष्य घाटाशी थांबला. करंजाखाली म्हाळू आणि खंडू शेजारी शेजारी बसले होते. खंडूने त्याला पाहून नजर चुकवली. शिष्य त्याच्या बाजूला बसला. खंडूने थोड्या वेळाने सरकून त्याला जागा करून दिली. आठ दिवस तो याच झाडाखाली नदीकडे पाठ करून बसला होता. आज त्याने तोंड नदीकडे केले. पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जात होती, तरी तो पलीकडच्या काठाकडे बघत राहिला.

आपल्या गावात जी माणसे आपल्याला नुसती बसलेली दिसतात, त्यांच्या पगाराविषयी बोलण्याआधी आपली पाठ कोणत्या बाजूला आहे, एवढे प्रत्येकाने पाहून घ्यावे.