राजाची दुपारची झोप उडाली त्याची गोष्ट

बाली बेटावरच्या तांगुरीच्या राजाला एका दुपारी झोप येईना. राजाला झोप आली नाही की राज्याचं काही खरं नसतं. विरजाया महाराज उठले, दरबारातल्या गामेलानपाशी गेले आणि हातोडी उचलून स्वतःच वाजवू लागले.

गामेलान म्हणजे एक वाद्य नव्हे, वाद्यांचं अख्खं खटलं. घंटा, ढोल, बासऱ्या आणि बांबूच्या नळ्यांवर मांडलेल्या काशाच्या पट्ट्या. पट्ट्यांची वाद्यं जोडीनं असतात. महाराजांनी एका वाद्याची पट्टी ठोकली, मग जोडीदाराची तीच पट्टी ठोकली. पुन्हा ठोकली आणि ओरडले, “फसवलं! दोन्ही सारख्या नाहीत. बोलवा त्या ओताऱ्याला!”

ओतारी केनेंग म्हातारा होता. तो लेकीचा, रास्मिनीचा, हात धरून आला.

“महाराज, ते मुद्दाम केलेलं...”

“मुद्दाम? म्हणजे कबूल!”

“एक पट्टी केसभर वर, एक केसभर खाली. दोन्ही एकदम वाजल्या की सूर पाण्यासारखा हलतो. आमच्यात त्यालाच...”

“माझ्या राज्यात जोडी म्हणजे जोडी. चार दिवसांत सगळ्या पट्ट्या सारख्या कर. नाही जमलं, तर भट्टी विझवून टाकीन आणि या सगळ्याचे हंडे ओतून घेईन!”

बापलेकीनं चार दिवस कानस चालवली. म्हातारा पट्टी घासायचा आणि डोळे पुसायचा. राजाचं भय होतंच, पण आपल्याच हातानं सूर मारायचा हे त्याला जास्त लागत होतं. रास्मिनी कान लावून सांगायची, “झाली, बापा. मेली.”

पाचव्या दिवशी गामेलान वाजलं. अगदी सारखं वाजलं, आणि शिळ्या भातासारखं थंड. राजनर्तकी मध्येच थांबली. तीस वर्षं नाचलेली बाई, ती कोणाला भिणार?

“महाराज, पाय उचलत नाही.”

“का?”

“सूर उचलत नाही, पाय काय उचलेल? मघापासून हंडेच वाजताहेत.”

महाराजांनाही ते कळलं होतं. पण कळलं म्हणून कबूल केलं, तर तो राजा कसला! ते केनेंगवरच उखडले. “जीव कुठे गेला याचा? उद्या परत आण. आणि ऐक, पट्ट्या सारख्याच राहायला हव्यात. कानस लावलीस तर खबरदार! मी हुकूम परत घेत नसतो.”

म्हातारा घरी येऊन गार भट्टीपाशी बसला. “आता हंड्यांचे साचे करायला घेऊ,” म्हणाला.

रास्मिनी त्याच्यासमोर बसली. “बापा, तापलेल्या पट्टीचा सूर तू मला कधीच लावू देत नाहीस. का?”

“हजारदा सांगितलंय. तापलेली पट्टी खोटं बोलते. सूर उतरतो तिचा. निवली की मग...” म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं.

“झोप आता,” रास्मिनी म्हणाली. “हंडे राहू देत.”

सकाळीच तिनं महाराजांना निरोप धाडला, ‘भर दुपारी अंगणात या.’ प्रत्येक जोडीतलं एक वाद्य तिनं चाफ्याच्या सावलीत मांडलं आणि दुसरं उन्हात. अशा चार जोड्या. मग ती दोन घटका स्वस्थ बसून राहिली.

महाराज छत्रीखाली येऊन बसले. वादकांनी हातोड्या उचलल्या. पहिल्याच ठोक्याला सूर थरथरला, हलला, साऱ्या अंगणभर लहरत गेला. नर्तकी न सांगता उठली. महाराजांच्या पायाची बोटं आपोआप हलू लागली. ती त्यांनी धोतराखाली लपवली, पण सगळ्यांनी पाहिली.

आता या वाजवण्यात एक खुबी आहे. उजव्या हातानं पट्टी ठोकायची आणि डाव्या हाताच्या चिमटीत धरून लगेच गप्प करायची. सावलीतले चौघे मजेत होते. उन्हातले चौघे मात्र पट्टी धरायचे, “हा! हू!” करायचे आणि बोटांवर फुंकर मारायचे.

“हे चौघे काय मिरच्या खाऊन आलेत?” महाराजांनी विचारलं.

“नाही महाराज, त्यांच्या पट्ट्या तापल्यात,” रास्मिनी म्हणाली. “तापलं की कासं केसभर उतरतं. सावलीतलं आहे तिथंच राहतं. कानस लावलेली नाही, हवं तर तपासा.”

“म्हणजे पट्ट्या सारख्याच?”

“तुमच्या हुकमाप्रमाणे तंतोतंत सारख्या. फरक केला तो उन्हानं. शिक्षा करायची तर त्याला करा.”

दरबारी माना खाली घालून हसले. महाराज हसले नाहीत. हट्टी माणूस हरायच्या आधी एकदा तरी चावतोच. “आणि परवा देवळाचा उत्सव आहे, दिवे लागल्यावर. तेव्हा ऊन कुठून आणशील?”

“मी कुठली आणतेय? तेव्हा परत हंडेच वाजणार. कानशीला मोकळीक दिलीत तरच काही होईल.”

“पोरी, मी हुकूम परत घेत नसतो!”

“घेऊ नकाच, महाराज. एकटा हुकूम बरा नाही दिसत. त्याला जोडी करा. त्याच्या शेजारी दुसरा हुकूम मांडा, केसभर वेगळा.”

 आधी महाराजांचं पोट हललं, मग खांदे, मग असे गदगदून हसले की मुकुट कानावर आला.

“दिला! दुसरा हुकूम दिला. चालव तुझी कानस. भट्टी तुमची, आणि आजपासून दरबारातले सगळे सूर तू लावायचे. आणखी काय हवं ते माग.”

“उन्हातल्या चौघांच्या बोटांना खोबरेल तेल.”

“दिलं. आणि तुला?”

रास्मिनीनं हात पुढे केला. “त्या दुपारी झोप येत नव्हती तेव्हा महाराजांनी जी हातोडी उचलली होती, तेवढी माझ्याकडे असू द्या.”