रिकामा धागा

बाळ अजून आईच्या पोटात होतं, तेव्हाची गोष्ट. मेंदूत मागून जन्मलेल्या चेतापेशीने आधीच्यांना ओलांडून वरच्या थरात बसायचं, अशी तिथली रीत. त्या रीतीने धाकटी वर चढून बसली. खालच्या थोरलीने तिच्याशी धागा जोडला. ती रोज म्हणायची, "काहीही बोल गं, पण धागा रिकामा ठेवू नकोस."

"मी अजून कच्ची आहे. चुकले तर सगळ्या हसतील," असं म्हणून धाकटी गप्प राहायची.

बाळ जन्मलं, रांगलं, धावायला लागलं. मग धाकटीने एकदाची थोरलीला हाक मारली. पण दोघींमधला धागा केव्हाच छाटला गेला होता.

"न वापरलेला धागा टिकत नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही!" ती कळवळली.

शेजारीण हळूच म्हणाली, "थोरली रोज दुसरं काय सांगत होती?"